मालिका आवडली नाही, ही तक्रार होते का?

सून झोपतानासुद्धा गळ्यातले दागिने काढत नाही. गावाकडचं घर दाखवलंय, पण चुलीजवळ काजळी नाही की अंगणात शेणसडा नाही. खलनायिका सहा महिने घर फोडतेय आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आठची मालिका परस्पर साडेसहावर नेली, आता ऑफिसातून येणाऱ्याने बघायची कधी? मराठी घरांत रोज रात्री अशा तक्रारी होतात. बऱ्याचशा जेवणाच्या ताटावरच संपतात. काही वाहिनीपर्यंत जातात, काही खलनायिकेचं काम करणाऱ्या अभिनेत्रीला शिव्यांच्या रूपात पोचतात आणि काही थेट पोलीस ठाण्यात.

टीव्हीवरच्या कार्यक्रमाविरुद्ध दाद मागायची कायदेशीर सोय आपल्याकडे आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. ही सोय कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हेच ठाऊक नसल्याने दागिन्यांवर बोलायला शंभर माणसं पुढे येतात आणि बलात्कारपीडितेची ओळख उघड करणाऱ्या बातमीवर कुणी चार ओळीही लिहीत नाही. हा लेख त्यासाठीच लिहितो आहे. एखादी तक्रार फुटकळ आहे की गंभीर, हे आपल्याला किती राग आला यावर ठरत नाही आणि किती जणांना राग आला यावरही ठरत नाही. पडद्यावर नेमकं काय दिसलं आणि त्याने कुणाचं काय बिघडलं, यावर ते ठरतं.

## आधी नियम काय आहे ते पाहू

केबल आणि डिशवरून दिसणाऱ्या वाहिन्यांना १९९५ चा केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायदा लागू आहे. त्याखालच्या १९९४ च्या नियमावलीतला सहावा नियम म्हणजे ‘कार्यक्रम संहिता’, आणि सातवा म्हणजे ‘जाहिरात संहिता’. काय दाखवायचं नाही याची ही यादी आहे. (कायदा १९९५ चा आणि नियम १९९४ चे कसे, असा प्रश्न पडेल. आधी वटहुकूम निघाला होता, नियम त्याखाली झाले आणि कायदा नंतर आला.)

कार्यक्रम संहितेत काय काय येतं? धर्मांवर किंवा समाजांवर हल्ला, अश्लीलता, बदनामी, जाणूनबुजून सांगितलेली खोटी किंवा अर्धसत्य गोष्ट, हिंसेला चिथावणी, अंधश्रद्धेला खतपाणी, स्त्रियांची किंवा मुलांची अवहेलना, एखाद्या भाषिक वा प्रादेशिक गटाची हेटाळणी. मुलांसाठी योग्य नसलेला कार्यक्रम मुलं सर्वांत जास्त टीव्ही बघतात त्या वेळेत लावायचा नाही, हेही त्यात आहे.

आता दागिन्यांची तक्रार या यादीत बसवून बघा. बसत नाही. कथानक रटाळ आहे, नायक वयाने मोठा वाटतो, लग्न लांबवलंय, वेळ बदलली, यातलं काहीच बसत नाही. या सगळ्या रास्त नाराज्या आहेत. वाहिनीला त्या कळवाव्यात, कारण प्रेक्षक पाठ फिरवतो आहे हे तिला कळायलाच हवं. पण त्या नियमभंगाच्या तक्रारी नाहीत.

उलट, फुटकळ वाटणाऱ्या काही गोष्टी नियमात चक्क लिहिलेल्या आहेत. जाहिरात लागली की आवाज एकदम वाढतो आणि रिमोट शोधावा लागतो, हे आपण सगळेच म्हणतो आणि सोडून देतो. जाहिरात संहितेत मात्र जाहिरातीचं चित्र आणि आवाज अवाजवी भडक नसावा, असं स्पष्ट कलम आहे. जाहिराती फार, हे रडगाणंही निराधार नाही. तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं, त्यातली १० इतरांच्या जाहिरातींची आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची, अशी मर्यादा नियमात आहे. वाहिन्या तिच्याविरुद्ध कोर्टात गेल्या, तो वाद बरीच वर्षं चालला, ही वेगळी गोष्ट. म्हणजे ज्याला आपण किरकिर समजतो ते कधीकधी नियमावर नेमकं बोट असतं, आणि ज्याला आपण अस्मितेचा प्रश्न समजतो त्याला नियमात आधारच नसतो.

हाउसिंग सोसायटीतल्या तक्रारवहीसारखं आहे हे. ‘तिसऱ्या मजल्यावर सुकट भाजतात, वास येतो’ आणि ‘दार पूर्ण लागायच्या आत लिफ्ट हलते’ या दोन्ही नोंदी एकाच वहीत, एकाच निळ्या शाईने लिहिलेल्या असतात. सेक्रेटरीने पहिल्या नोंदीवर तीन बैठका घेतल्या, तर लिफ्टचं काम मागे पडणारच.

## तक्रार करायची कुणाकडे?

१७ जून २०२१ पासून यासाठी तीन पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. पहिली पायरी वाहिनीच. तिच्याकडे लेखी तक्रार केली की २४ तासांत पोच मिळायला हवी आणि १५ दिवसांत निर्णय. त्याने समाधान झालं नाही, तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियामक संस्थेकडे अपील करता येतं. या संस्थेला निर्णयासाठी ६० दिवस असतात. तिथेही पटलं नाही, तर केंद्र सरकारकडे. या शेवटच्या पायरीवर माहिती आणि प्रसारण मंत्रालय आणि त्याची आंतरविभागीय समिती असते.

स्वनियामक संस्था म्हणजे वाहिन्यांनी एकत्र येऊन स्वतःवर नेमलेलं पंच मंडळ. मनोरंजनाच्या वाहिन्यांसाठी २०११ मध्ये ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल म्हणजे बीसीसीसी स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा. मूळचे सोलापूरचे, मुंबई उच्च न्यायालयात अनेक वर्षं न्यायाधीश आणि पुढे दिल्ली उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. बातम्यांच्या वाहिन्यांसाठी २००८ पासून वेगळी संस्था आहे. माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा तिचे पहिले अध्यक्ष होते. जाहिरातींसाठी १९८५ पासून मुंबईत असलेली एएससीआय ही जाहिरात क्षेत्राची स्वनियामक संस्था आहे.

बऱ्याच तक्रारी चुकीच्या दारात पडतात. सेट-टॉप बॉक्सवर चित्र फुटतंय, पॅकमधून वाहिनी गायब झाली, जास्त पैसे कापले, ही कामं केबलवाल्याची आणि डिश कंपनीची, त्यांच्यावर ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे नियम. ओटीटीवरच्या वेब सिरीजना केबलचे नियम लागत नाहीत, त्यांच्यासाठी २०२१ चेच माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. खलनायिकेचं काम करणाऱ्या बाईचा तर यात कुठेच संबंध येत नाही. ती लिहून दिलेले संवाद बोलते. तिला घाणेरडे मेसेज पाठवणं ही तक्रार नव्हे, ते त्रास देणं आहे.

## एकाच कार्यक्रमावरच्या दोन तक्रारी

फुटकळ आणि सार्थ यांच्यातली रेघ कुठे पडते, हे बघायला ‘कौन बनेगा करोडपती’चे दोन प्रसंग घेऊ. दोन्हींचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे.

नोव्हेंबर २०१९. प्रश्न होता, यांपैकी कोणते शासक औरंगजेबाचे समकालीन होते? पर्याय चार : महाराणा प्रताप, राणा सांगा, महाराजा रणजितसिंह आणि शिवाजी. महाराष्ट्रात संताप उसळला. एका शब्दावरून एवढं? असं त्या वेळी अनेकांनी म्हटलं. पण पर्याय पुन्हा वाचा. एकाच पडद्यावर चार नावं आहेत. तिघांच्या आधी महाराणा, राणा, महाराजा असं काही ना काही लावलेलं आहे. चौथं एकटंच उघडं आहे, आणि ते छत्रपतींचं आहे. चारही नावं बिरुदाशिवाय असती तर प्रश्नमंजूषेची तीच पद्धत असं म्हणता आलं असतं. तसं नव्हतं, म्हणून आक्षेप नेमका होता. पडद्यावर काय चुकलं ते दोन ओळींत दाखवता येत होतं. वाहिनीने दिलगिरीची पट्टी चालवली, अमिताभ बच्चन यांनीही माफी मागितली. चूक लहान होती, दुरुस्तीही तेवढीच. माझ्या मते ही तक्रार रास्त होती. कार्यक्रमावर बहिष्काराची जी हाक दिली गेली, ती मात्र चुकीच्या मानाने फार मोठी होती.

आता दुसरा प्रसंग. ३० ऑक्टोबर २०२० चा भाग. समोर सफाई कर्मचारी चळवळीचे बेझवाडा विल्सन आणि अभिनेते अनुप सोनी. प्रश्न : २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी कोणत्या ग्रंथाच्या प्रती जाळल्या? पर्याय : विष्णुपुराण, भगवद्गीता, ऋग्वेद, मनुस्मृती. यावर हिंदूंच्या भावना दुखावल्या अशी तक्रार झाली. लखनऊत गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या आल्या आणि लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या आमदारांनी पोलीस अधीक्षकांकडे तक्रार दिली. चारही पर्याय हिंदू ग्रंथांचेच का, हा मुख्य आक्षेप होता.

हा आक्षेप टिकत नाही, आणि का टिकत नाही हे नीट समजून घेतलं पाहिजे. पहिली गोष्ट, घटना खरी आहे. ती आपल्या महाडला घडली. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि डिसेंबरमधल्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे बाबासाहेबांचे ब्राह्मण सहकारी होते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळकरी मुलाला ठाऊक असायला हवा असा हा इतिहास आहे. दुसरी गोष्ट, प्रश्नमंजूषेत पर्याय एकाच जातकुळीचे ठेवावे लागतात. मनुस्मृतीच्या शेजारी वेगवेगळ्या धर्मांचे ग्रंथ ठेवले असते तर उत्तर आपोआप उघडं पडलं असतं, शिवाय इतर धर्मीयांना विनाकारण ओढल्याची तक्रार आली असती. तिसरी गोष्ट, प्रश्नाने कुठल्याही ग्रंथाबद्दल अनुदार शब्द काढला नव्हता. काय घडलं, एवढंच विचारलं होतं.

पहिल्या तक्रारीत पडद्यावरची चूक दाखवता येते. दुसरीत तक्रारदाराला खटकते ती पडद्यावरची गोष्ट नव्हे, इतिहासात घडलेली गोष्ट. आणि इतिहास दुरुस्त करायचं काम वाहिनीचं नाही, पोलिसांचंही नाही.

## ‘हजारो लोकांनी तक्रार केली, ते सगळे चूक?’

हा प्रश्न हमखास येतो. आकड्याने काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, याचं उत्तम उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तिथे प्रसारणावर लक्ष ठेवणारी ऑफकॉम ही वैधानिक संस्था आहे.

जानेवारी २००७ मध्ये चॅनेल फोरच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये शिल्पा शेट्टी होती. घरातल्या तिघीजणी तिच्या उच्चारांवरून, स्वयंपाकावरून, देशावरून तिला टोचत राहिल्या. तिचं आडनाव धड घ्यायचं नाही म्हणून एकीने तिला पापडाच्या नावाने हाक मारली. ऑफकॉमकडे सुमारे ४४,५०० तक्रारी आल्या, तोपर्यंतचा तो उच्चांक होता. मे महिन्यात निकाल लागला : वाहिनीने नियम मोडला. तीन प्रसंगांवर ठपका ठेवला गेला आणि वाहिनीला तो निकाल स्वतःच्याच पडद्यावर तीन वेळा जाहीर करावा लागला.

मार्च २०२१ मध्ये ‘गुड मॉर्निंग ब्रिटन’ या सकाळच्या कार्यक्रमात सूत्रसंचालक पियर्स मॉर्गन यांनी ब्रिटिश राजपुत्र हॅरीची पत्नी मेगन मार्कल आपल्या मनःस्थितीबद्दल जे सांगते त्यावर आपला विश्वास नाही, असं म्हटलं. या वेळी तक्रारी ५७ हजारांवर गेल्या, म्हणजे शिल्पाच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त. १ सप्टेंबरला निकाल आला : नियमभंग नाही.

हा भेदभाव वाटेल, पण दोन्ही वेळा मोजपट्टी एकच होती. बोललेलं वाईट होतं का, एवढ्यावर ऑफकॉम थांबली नाही. वाहिनीने ते कसं हाताळलं, हे तिने तपासलं. २००७ मध्ये शिल्पाचा छळ प्रेक्षकांसमोर तसाच वाहू दिला गेला. तो चूक आहे असं सांगणारा हस्तक्षेप वेळेवर झाला नाही. २०२१ मध्ये मॉर्गनचं बोलणं दुखावणारं ठरू शकतं हे ऑफकॉमने मान्य केलं, पण त्याच कार्यक्रमात सहकाऱ्यांनी त्याला तिथल्या तिथे ठाम विरोध केला होता. म्हणून मत मांडायचं स्वातंत्र्य वरचढ ठरलं. तक्रारींच्या आकड्याने चौकशी सुरू व्हायला मदत होते. निकाल आशयावरच लागतो, आणि तसाच लागला पाहिजे. नाहीतर ज्याच्यामागे मोठी गर्दी त्याचाच नियम होईल.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप वारले. बीबीसीने ठरलेले लोकप्रिय कार्यक्रम रद्द करून सगळीकडे तीच बातमी चालवली. त्यावर १ लाख ९ हजार ७४१ तक्रारी आल्या. गर्दी इतकी होती की बीबीसीने खास अर्ज उपलब्ध करून दिला, तर तक्रार करणं फार सोपं केलंत अशीही तक्रार शंभरावर लोकांनी केली. यातले किती जण स्वयंपाकाच्या स्पर्धेची अंतिम फेरी हुकली म्हणून चिडले होते आणि कितींना राजघराण्याला दिलेला वेळ तत्त्वतः खटकला होता, हे त्या एका आकड्यातून कळत नाही.

## ‘आवडत नाही तर टीव्ही बंद करा’, एवढं पुरे नाही का?

हे उत्तर अर्धं बरोबर आहे. २००९ मध्ये ‘सच का सामना’ नावाचा कार्यक्रम आला. त्यात माणसं पैशांसाठी आपल्या खासगी आयुष्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देत. राज्यसभेत गदारोळ झाला, मंत्रालयाने नोटीस काढली आणि कार्यक्रम बंद करा म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाल्या. न्यायालयाने त्या फेटाळल्या. वाईट बघू नका ही गांधीजींची शिकवण पाळा आणि टीव्ही बंद करा, अशा आशयाचं खंडपीठ बोललं. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती शहा होते, म्हणजे पुढे दोन वर्षांनी बीसीसीसीचे अध्यक्ष झालेले तेच. प्रौढ माणूस स्वतःहून खुर्चीत बसतो, प्रौढ प्रेक्षक स्वतःहून बघतो. तिथे रिमोट पुरेसा आहे, हे मला पटतं.

पण काही वेळा टीव्ही बंद करून काहीच साधत नाही, कारण नुकसान बघणाऱ्याचं होत नसतं. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा ताज आणि नरिमन हाउसवरची कमांडो कारवाई वाहिन्या थेट दाखवत होत्या. सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार ती बघत होते आणि आतल्या अतिरेक्यांना फोनवरून सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. पुढे २०१५ मध्ये कार्यक्रम संहितेतच कलम घातलं गेलं : दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती. वरळीत किंवा डोंबिवलीत कुणी रिमोटचं बटण दाबल्याने ताजमधल्या जवानाचा धोका कमी झाला नसता.

मुलांचंही तसंच. २०१७ मध्ये सोनीवर ‘पहरेदार पिया की’ ही मालिका रात्री साडेआठला सुरू झाली. नऊ वर्षांच्या मुलाचं अठरा वर्षांच्या मुलीशी लग्न, असं कथानक. मालिका थांबवा म्हणून लाखाहून अधिक सह्या झाल्या, तत्कालीन मंत्री स्मृती इराणी यांनी प्रकरण बीसीसीसीकडे पाठवलं. बीसीसीसीने मालिका बंद केली नाही. ती रात्री उशिराच्या वेळेला न्यायला सांगितली आणि आम्ही बालविवाहाचं समर्थन करत नाही अशी पट्टी चालवायला लावली. पुढे काही दिवसांतच वाहिनीने स्वतःच मालिका गुंडाळली. इथे ‘मला आवडत नाही’ हा मुद्दाच नव्हता. साडेआठला घराघरांत मुलं टीव्हीसमोर असतात, हा होता.

## ‘पण पंच वाहिन्यांचेच ना?’

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. संस्था वाहिन्यांनी काढलेली, पैसे वाहिन्यांचे, तिच्याकडून न्याय कसा मिळणार? अध्यक्षपदी निवृत्त न्यायाधीश असतात, बाहेरचे सदस्य असतात, तरी दात किती आहेत हा प्रश्न उरतोच.

सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर एका हिंदी वृत्तवाहिनीने त्याची म्हणून जी ट्वीट दाखवली, ती बनावट निघाली. ऑक्टोबर २०२० मध्ये बातम्यांच्या स्वनियामक संस्थेने त्या वाहिनीला माफी प्रसारित करायला लावली आणि दंड केला. किती? एक लाख रुपये. नियमात कमाल दंडच तेवढा होता, २००८ पासून तोच. त्याच मृत्यूच्या वार्तांकनाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निकालात वाहिन्यांना खडसावलं, स्वनियमनाच्या मर्यादाही दाखवल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठानेही हा दंड पुरेसा नसल्याचं सांगितलं. ज्या कार्यक्रमातून वाहिनी एवढं कमावते, त्याच्या प्रमाणात दंड का नको, अशी विचारणा झाली.

तरीही माझं मत असं की याच दारावर थाप मारत राहायला हवी. पंचांनी दिलेला लेखी निर्णय उरतो, तो पुढच्या तक्रारीत वापरता येतो, कोर्टात दाखवता येतो. बनावट ट्वीटच्या बाबतीत दंड किरकोळ होता, पण एवढ्या मोठ्या वाहिनीला स्वतःच्या पडद्यावर चूक कबूल करावी लागली, ती नेमक्या, पुराव्याने मांडलेल्या आक्षेपामुळे.

## फुटकळ तक्रारीने कुणाचं काय बिघडतं?

कुणी म्हणेल, करू दे ना तक्रार, फेटाळली जाईल. इतकं सोपं नाही ते.

मार्च २०२० मध्ये ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’मध्ये चंपकलालच्या तोंडी मुंबईची भाषा हिंदी आहे अशा अर्थाचा संवाद होता. मराठी माणसाला ते झोंबलं. मलाही चुकीचंच वाटलं, मुंबई महाराष्ट्राची राजधानी आहे आणि तिची भाषा मराठी आहे. मनसेने इशारा दिला आणि निर्मात्यांनी, कलाकाराने लगेच माफी मागितली. पण तो एका पात्राचा संवाद होता. पात्रं चुकीचं बोलतात, त्यांना चूक ठरवायला दुसरी पात्रं असतात. आणि भाषिक गटाची हेटाळणी झाली असं म्हणायचं असेल, तर त्यासाठी संहितेत कलम आहे, पायऱ्या आहेत. त्या वाटेला न जाता दोन दिवसांत काम झालं. यातून सगळे काय शिकले? लेखी तक्रारीला १५ आणि ६० दिवस लागतात, दमदाटीला दोन पुरतात.

याचा फटका लेखकांना बसतो. पात्राला आडनाव काय द्यायचं, गावाचं नाव घ्यायचं का, वकील भ्रष्ट दाखवला तर वकील चिडतील का, परिचारिका रागीट दाखवली तर संघटना येईल का, अशी चाळणी लावून उरतं ते काय? कुठल्याच गावात, जातीत, धंद्यात न बसणारी श्रीमंत घराण्यांची भांडणं. मालिकांत खरा महाराष्ट्र दिसत नाही म्हणून आपण कुरकुरतो, पण तो दाखवला की पहिला दगडही आपल्यातलाच कुणीतरी मारतो.

दुसरा फटका ज्यांचा आवाज आधीच बारीक आहे त्यांना. बातमीत जिची ओळख उघड झाली ती मुलगी, आरोपी ठरवून ज्याचा चेहरा दिवसभर फिरवला तो निर्दोष माणूस, ‘बाबां’च्या पैसे भरून चालवलेल्या कार्यक्रमावर विसंबून ज्याच्या आईने औषध सोडलं तो मुलगा. यांच्यामागे गर्दी नसते. यांच्यासाठीच नियम केलेत.

## तक्रार करायची असेल तर अशी लिहा

वाहिनीला दर प्रसारणाचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवावं लागतं. त्यामुळे उशीर करू नका, आणि तारीख, वेळ लिहा. ‘तुमच्या मालिकेत नेहमी अंधश्रद्धा दाखवतात’ यावर कुणालाच काही करता येत नाही. समजा तुम्हाला असं दिसलं की सकाळी नऊच्या कार्यक्रमात अमुक यंत्र घरात ठेवलं तर मधुमेह जातो असा दावा केला, खाली मागणीसाठी फोन नंबर दिला, आणि ही जाहिरात आहे असं कुठेही म्हटलं नाही. मग लिहायचं ते असं :

‘अमुक तारखेला सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी अमुक कार्यक्रमात यंत्राने मधुमेह बरा होतो असं सूत्रसंचालक म्हणाले. शब्द साधारण असे होते. ही अंधश्रद्धेला उत्तेजन देणारी आणि खोटी माहिती आहे, कार्यक्रम संहितेचा भंग आहे. त्यावर विश्वासून रुग्ण औषध बंद करू शकतात. हा भाग पुन्हा दाखवू नये आणि याच वेळेत खुलासा करावा.’

एवढं पुरे. काय दिसलं, कधी दिसलं, कुणाला अपाय, काय दुरुस्ती हवी. ‘वाहिनीवर बंदी घाला’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याचं लक्ष मूळ दाव्यावरून उडतं. ‘माझ्या भावना दुखावल्या’ एवढंच लिहिलंत तर त्याला तपासायला काही उरत नाही. पोच २४ तासांत आली नाही तर तारीख टिपून ठेवा, अपिलात ती लागते. १५ दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ‘आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत’ असं गोलमाल आलं, तर त्याची प्रत जोडून स्वनियामक संस्थेकडे जा. वाहिनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करणं बंधनकारक आहे, तो तिच्या संकेतस्थळावर मिळतो. मराठी वाहिनीला मराठीतच लिहा. कार्यक्रम मराठीत आहे, दावा मराठीत केला आहे, मग आक्षेपही त्याच शब्दांवर घ्यायला हवा.